पाहुणा पडला पंगतीत

जॉर्जियात पाहुणा म्हणजे देवाने धाडलेली भेट. आपल्याकडेही पाहुणा देवच. फक्त त्याने फोन करून यावं आणि चहावर भागवावं, एवढीच माफक अपेक्षा. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात ‘सुप्रा’च्या पंगतीत सापडतो. तिथला सूत्रधार, तमादा, शांततेसाठी, पूर्वजांसाठी, पोराबाळांसाठी एकेक भाषण ठोकतो. ते संपेपर्यंत वाइनचा प्याला तोंडाला लावायचा नाही. उकडीच्या मोदकासारखी दिसणारी खिंकाली येते. आत सारणाऐवजी बहुधा खिमा. तिचे शेंडे ताटात ठेवायचे, म्हणजे कोणी किती हाणल्या ते चारचौघांना दिसतं. तेव्हा तिकडे निघालेल्यांनो, चिवड्या-लाडवांचे डबे घरीच ठेवा. पोट तेवढं रिकामं न्या.