मालक पुण्याला असतात

दिवाळी संपून पंधरवडा झाला होता, चिवड्यातले दाणे आणि खोबरं निवडून झालं होतं, आणि डब्यात नुसते पोहे उरले असताना बातमी आली की पुण्याच्या व्यंकीज कंपनीनं इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. तारीख 19 नोव्हेंबर 2010. किंमत 2 कोटी 30 लाख पौंड, आणि क्लबच्या डोक्यावरचं कर्ज वेगळं. आमच्या कट्ट्यावर या बातमीचं स्वागत रिवाजानुसार झालं. आधी "त्यात काय मोठं" आणि लगोलग "महाग पडलं". एका निवृत्त बँक मॅनेजरांनी तेवढं मुद्द्याचं विचारलं, "मैदानासकट दिलं का?" पुण्यात व्यवहार म्हटला की आधी जागा किती ते बघायचं असतं, खेळाचं नंतर बघता येतं.

घेणारं घराणं काही लहानसहान नव्हतं. डॉ. बी. व्ही. राव यांनी कुक्कुटपालनाचा एवढा मोठा उद्योग उभा केला आणि देशाला रोज अंडी खायची सवय लावण्यात पुढाकार घेतला. आता त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि चिरंजीव व्यंकटेश व बालाजी राव यांच्या हाती एक फुटबॉल क्लब आला होता. तोही ऐरागैरा नाही. 1875 साली स्थापन झालेला आणि 1888 मध्ये ज्या बारा क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू केली त्यांतला एक. पोलादाच्या व्यापारात गब्बर झालेल्या जॅक वॉकर नावाच्या गावकऱ्यानं आपला पैसा ओतून 1995 साली या क्लबला प्रीमियर लीग जिंकून दिली होती. ॲलन शिअरर तेव्हा तिथं गोल करत होता. मँचेस्टर युनायटेडला मागं टाकणारं हे गाव आहे केवढं, तर आपल्या इचलकरंजीहून लहान.

इचलकरंजीचं नाव उगाच काढलं नाही. ब्लॅकबर्नही मागांचंच गाव. तिथल्या मागांवर एके काळी हिंदुस्थानात नेसायची धोतरं विणली जायची आणि आगबोटीनं आपल्याकडं यायची. परदेशी कापडावरच्या बहिष्कारानं तिथले माग थंडावले. 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम शेजारच्या डार्वेन गावी जाऊन गिरणी कामगारांना भेटले, आणि ज्यांची रोजी त्यांच्यामुळे अडचणीत आली होती त्यांनीच त्यांचं प्रेमानं स्वागत केलं. मला वाटतं, ब्लॅकबर्नच्या लोकांनी हिंदुस्थानाबद्दल दाखवलेला तो शेवटचा संयम असावा.

कारण पुढं जे झालं ते फार भराभर झालं. महिनाही पुरा झाला नव्हता, तोच सॅम ॲलर्डाइस या मुरलेल्या मॅनेजरला घरी पाठवलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे बरा होता. पण नवीन मालकांना तेरावा आवडला नसावा. त्याच सुमाराला रोनाल्डिन्यो आणि बेकहॅम यांना आणण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. कसबा पेठेतल्या हौशी नाट्यसंस्थेनं अमिताभ बच्चनना विचारून ठेवावं, त्यातलाच हा प्रकार. रोनाल्डिन्यो ब्राझीलला गेला. ब्लॅकबर्नच्या वाट्याला स्टीव्ह कीन आले. ते ॲलर्डाइसांच्या हाताखालचे प्रशिक्षक.

मग जाहिरात आली. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये बसून ब्लॅकबर्नचे खेळाडू चिकन खातायत, अशी ती जाहिरात. ज्या वयात पोरांनी पाय चालवायचे त्या वयात हे तंगड्या चावतायत, हे बघून गावातल्या म्हाताऱ्यांचं काय झालं असेल ते असेल. आमच्याकडे ती जाहिरात पाहून "चिकन कोरडं दिसतंय" एवढीच प्रतिक्रिया उमटली. पुढं क्लबचे जागतिक सल्लागार म्हणून शेबी सिंग यांची नेमणूक झाली. आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षं त्यांना टीव्हीवर सामन्यांचं विश्लेषण करताना पाहिलं होतं. टीव्हीवर इतकं छान बोलणाऱ्याच्या हाती क्लब द्यायला हवा, असं सोफ्यावर बसून आपण सगळेच म्हणतो. ते कोणी खरंच करेल अशी अपेक्षा नसते.

7 मे 2012 ची रात्र मात्र कुणीच विसरणार नाही. ईवूड पार्क या ब्लॅकबर्नच्या घरच्या मैदानावर विगनशी सामना होता. जिंकलं नाही तर प्रीमियर लीगमधून बाहेर. अशा वेळी प्रेक्षकांतून कुणीतरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. नुसती नाही, अंगावर क्लबचा निळापांढरा झेंडा पांघरून. ती गवतावरून अशी निवांत हिंडली की त्या मोसमात घरच्या मैदानावर इतक्या आत्मविश्वासानं वावरणारी तीच पहिली म्हणावी. खेळ थांबला, सगळं इंग्लंड हसलं, ब्लॅकबर्न एका गोलनं हरलं आणि खालच्या श्रेणीत गेलं. माझ्या मते निषेधाच्या इतिहासात या कोंबडीला जागा द्यायला हवी. घोषणा नाही, दगड नाही, निवेदन नाही, तरी पत्ता अचूक.

हा प्रसंग मी माझ्या एका कोल्हापूरच्या, पेठेतल्या मित्राला रंगवून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकच कोंबडी? आमच्यात पेठ उतरली असती की मैदानात."

बढाई नव्हती ती. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, ही नावं कुस्तीची वाटतात, पण शाहू स्टेडियमवर ती अकरा अकरा जण घेऊन उतरतात. लाल मातीच्या संस्थेनं हिरव्या गवतावर संघ उतरवावा आणि त्यात पुन्हा आफ्रिकेतून आलेला फॉरवर्ड खेळवावा, हे फक्त कोल्हापूरच करू जाणे. पैसा पेठेतून येतो, देणगीदारांकडून येतो, निवडणुकीच्या तोंडावर जरा जास्त येतो. आणि संघ हरला तर खजिनदार कुठं सापडेल हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो संध्याकाळी कट्ट्यावरच असतो. ब्लॅकबर्नच्या लोकांचं खरं दुःख तेच होतं. त्यांचा खजिनदार सात हजार किलोमीटरवर होता.

कीन यांनी सप्टेंबर 2012 मध्ये राजीनामा दिला आणि हेनिंग बर्ग आले. हे गृहस्थ 1995 च्या विजेत्या संघातले. ॲलर्डाइसांना काढलं तेव्हा कुठलाही पत असलेला मॅनेजर ही नोकरी घेणार नाही, अशा अर्थाचं ते जाहीरपणे बोलून गेले होते. तरी त्यांनी ती घेतली. 57 दिवसांनी त्यांना काढलं. करार तीन वर्षांचा होता, म्हणून ते कोर्टात गेले आणि साडेबावीस लाख पौंड घेऊन आले. भागाकार मी करून पाहिला. दिवसाला एकोणचाळीस हजार पौंडांच्या वर पडतात. पुण्यात आमच्या सोसायटीचा वॉचमन काढायचा तर महिन्याच्या पगारावरून तीन मीटिंगा होतात. बर्ग यांच्यानंतरचे मायकेल ॲपल्टन 67 दिवस टिकले. दहा दिवसांची ही सुधारणा कुणाच्या नजरेत भरली नाही. 2017 मध्ये क्लब आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकून तिथवर घसरलेला तो पहिलाच. विक्रम तो विक्रम.

आता मालकांच्या बाजूनंही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर पुणेकर म्हणून मला शोभणार नाही. फुटबॉल क्लब हा धंदा आहे असं म्हणणाऱ्यानं एकदा त्याचा ताळेबंद बघावा. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतले क्लब, सगळे मिळून पाहिले तर, कित्येक वर्षं जेवढं कमावत त्याहून जास्त नुसत्या पगारावर उडवत होते. वीजबिल, गवत, प्रवास त्यानंतर. आशा एकच. वर चढलो की टीव्हीचे पैसे धो धो येतील. चोवीस क्लब या आशेवर जगतात आणि वर जातात तिघंच. उरलेल्या एकवीस मालकांनी खिशात हात घालायचा. राव कुटुंबानं या क्लबात आजवर वीस कोटी पौंडांच्या वर घातल्याचं सांगतात. 2023 नंतर तर भारतातून क्लबला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. कोर्टात लोक पैसे मागायला जातात. आमचे पैसे बुडीत खात्यात घालू द्या, अशी विनंती करणारा अशील त्या न्यायमूर्तींनीही क्वचितच पाहिला असेल.

तरीही शिव्या मालकांनाच. हे इंग्रजांना गूढ वाटत असेल, ज्यानं पेठेत वाडा पाहिलाय त्याला वाटणार नाही. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, कर, गळकं छप्पर हे सगळं मालकाच्या नावावर. राहतात भाडेकरू, तीन पिढ्यांपासून. भाडं चहाच्या कपाएवढं, पण जिन्याचा कठडा हलला की मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्याचा हक्क त्यांचाच. मालक बदलतो, वारस भांडतात, बिल्डर येऊन जातो, भाडेकरू तिथंच. सीझन तिकीट ही भाडेपावती आहे. तिच्यावर मालकी मिळत नाही, पण ओरडायचा वंशपरंपरागत अधिकार मिळतो, आणि तो कुठलाही पोल्ट्रीवाला, पोलादवाला किंवा तेलवाला शेख विकत घेऊ शकत नाही.

आणि ओरडणारंच कुणी नसेल तर? त्याचं उत्तर शोधायला मला बालेवाडीच्या पुढं जावं लागलं नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये ब्लॅकबर्नचा संघ, लीगमध्ये तळाशी घुटमळत असताना, पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला तिथं आला. मी गेलो होतो. माझ्या शेजारचे गृहस्थ पूर्वार्धभर विचारत होते, "यातले आपले कुठले?" प्रश्न रास्त होता. एका बाजूला पुण्याचा क्लब, दुसऱ्या बाजूला पुण्याच्या मालकांचा क्लब. जिंकले मालकांचे. उत्तरार्धात त्या गृहस्थांनी पुतण्याला फोन लावला आणि पार्किंगला गर्दी व्हायच्या आत निघून गेले.

त्यानंतर काही वर्षांतच पुण्यात एकाच वेळी तीन तीन व्यावसायिक क्लब नांदू लागले. आज एकही नाही. भारत एफसी एक मोसम खेळून मिटला. पुणे एफसी 2015 मध्ये संपला. डीएसके शिवाजियन्सनंही 2017 मध्ये दुकान आवरलं. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. नारिंगी शर्ट घालून ढोल बडवणारी काही पोरं होती, ती खरंच रडली. बाकी शहरानं बातमी वाचली की नाही, शंका आहे. कोंबडी सोडा, एक अंडंही कुठं फुटलं नाही. गोव्यातसुद्धा, जिथं रविवारच्या प्रार्थनेनंतर दुसरा नंबर फुटबॉलचा लागतो, तिथं पाच वेळा देश जिंकलेल्या धेंपो क्लबनं 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबच्या साथीनं आय-लीगमधून अंग काढून घेतलं. पण तिथं निदान टॅक्सीवाला अजून भांडतो.

माझा भाचा मँचेस्टरला असतो. त्याच्याकडे गेलो असताना ईवूड पार्क बघायचा हट्ट मी धरला. तो म्हणाला, "मामा, चल. पण तिथं तोंडातून पुणं काढायचं नाही." पुणेकराला ही अट घालणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. बाहेर जॅक वॉकर यांचा पुतळा आहे, त्याला लोक जाता जाता थोपटतात. आत माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढचा एक आजोबा, गळ्यात निळापांढरा मफलर, हातात बटाटा आणि मटण भरलेला 'पाय' नावाचा इंग्रजी पदार्थ. त्यातला रस्सा इतका कढत की तो दर घासाला एकदा रेफ्रीवर आणि एकदा पायवर ओरडत होता.

"कुठले तुम्ही?"

"भारत."

"भारतात कुठं?"

भाच्यानं माझ्या पायावर पाय दिला. आणि मी, ज्याच्या पाच पिढ्या मुठेचं पाणी प्यायल्या, म्हणालो, "मुंबई."

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. सदाशिव पेठेतल्या माझ्या आजोबांना वर उचकी लागली असणार.

"मुंबई!" त्यांचा चेहरा उजळला. "मग पुणं जवळच असेल."

"तीन तास. घाटात ट्रॅफिक नसलं तर."

"जाणं होतं का?"

"होतं अधूनमधून."

"मग एक निरोप द्याल त्यांना?" असं म्हणून आजोबांनी हातातला तो पदार्थ मांडीवर ठेवला आणि निरोप सुरू केला. तो 1995 पासून सुरू झाला. शिअरर आला, ॲलर्डाइस आला, कोंबडीपाशी ते जरा थांबले आणि गालात हसले. बर्गचे साडेबावीस लाख त्यांना पेन्सासकट पाठ होते. मध्यंतर संपलं तरी निरोप चालूच होता, फक्त आता मधे मधे लाइन्समनच्या मातोश्रींची चौकशी होत होती. शेवटच्या पाच मिनिटांत ब्लॅकबर्ननं गोल मारला. आजोबांनी मला मिठी मारली, माझ्या कोटावर रस्सा सांडला, आणि खाली बसून "हां, तर 2012 मध्ये" म्हणत पुढं सुरू केलं. जिंकल्यावरही निरोपातला एक शब्द कमी झाला नाही. उलट लेफ्ट बॅकबद्दलचं एक कलम वाढलं.

उठताना मी म्हटलं, पोचवतो. भाच्यानं डोळे मोठे केले.

"उत्तर आलं तर मी याच खुर्चीवर असतो," आजोबा म्हणाले. "पुढचा शनिवार सोडून. पुढच्या शनिवारी आम्ही बाहेरगावी हरायला जातोय."