मास्टरच खेळायला बसला तर

१९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. टेबलाभोवती मंडळी बसतात, वीस पैलूंचा फासा टाकतात आणि गोष्ट पुढे सरकवतात. त्यातला एक गेम मास्टर. नियमाचा अर्थ तो लावील तो. पटलं नाही तरी डाव अडवायचा नाही, वाद घालायचा तो खेळ संपल्यावर, असा तिथला शिरस्ता. मास्टर स्वतः जिंकायला बसलेला नसतो, म्हणून हे निभतं.

आमच्याकडे ती सोय नाही. नांदेड आणि लातूर, दोनच जिल्हे, पण राज्याला मुख्यमंत्री दिले चार : शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. डिसेंबर २००८ मध्ये विलासराव पायउतार झाले, अशोकराव आले आणि २००९च्या जानेवारीत मराठवाड्यासाठीचं नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं. (योगायोग हो, दुसरं काय!) लातूर पेटलं. मोर्चे, बंद, मग हायकोर्ट. लातूरकरांचं आयुक्तालयाशी वैर नव्हतं बरं का. ते लातुरातच हवं होतं, एवढंच. त्याच नव्या विभागात जाणाऱ्या परभणी-हिंगोलीच्या हाती मात्र फासा द्यायचं कुणाला सुचलं नाही.

मराठवाड्यात महसुली विभाग आजही एकच आहे. नांदेडची फाईल असो की लातूरची, आयुक्तांच्या सहीसाठी ती छत्रपती संभाजीनगरलाच जाते.