उतारावरचे वेडे

कोकणात डोंगरउतारावर जागा घेतली की शहाणा माणूस आधी जेसीबी बोलावतो. वेडा माणूस छत्री घेतो आणि भर जुलैत, पाऊस कोसळत असताना, तिथे जाऊन उभा राहतो. पाणी वरून कुठून येतं, कुठल्या कातळाला वळसा घालतं, कुठे जिरतं आणि कुठे पुन्हा झरा होऊन बाहेर पडतं ते बघतो, आणि प्रत्येक ठिकाणी एकेक काठी रोवून येतो. पाखाडीवरून जाणारे हसतात. हा लेख त्या वेड्याच्या स्तुतीसाठी आहे.

त्याचा सगळ्यात मोठा वेडेपणा म्हणजे तो जमीन सपाट करत नाही. पाचास एक असा उतार धरा. पाच मीटर खाली चाललं की जमीन एक मीटर उतरते. (महाराष्ट्रात डोंगराळ भागात याहून तीव्र उतारावर बांधायला साधारणपणे परवानगीच मिळत नाही.) इथे शहाण्याला दहा बाय दहा मीटरचं चौकोनी घर हवं असतं, शहरातल्या फ्लॅटचा नकाशा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. त्यासाठी मागच्या बाजूला दोन मीटर डोंगर कापावा लागतो, एकूण शंभर घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ ब्रास माती. वेडा तेवढंच घर वीस बाय पाचचं करतो, लांब बाजू उताराला आडवी ठेवून. कापणी एक मीटरवर येते आणि माती निम्मी होते. चौकोनच हवा असेल तर तो घराच्या दोन पायऱ्या करतो. हिशेब तोच येतो. डंपरच्या खेपा वाचतात, मागची भिंत निम्म्या उंचीची होते, आणि तरी गावात वेडा तोच ठरतो.

शहाणा कधी दुसरा मार्ग काढतो. कापलेली माती खालच्या अंगाला ढकलून अंगण वाढवतो आणि अर्धं घर त्या भरावावर चढवतो. भराव पावसाळ्यागणिक बसत जातो, कापलेला अर्धा भाग मात्र जागचा हलत नाही. दोन्ही जिथे मिळतात त्या रेषेवर, बहुधा हॉलच्या मधोमध, भिंतीला तडा जातो. दरवर्षी पुट्टी भरली जाते.

या वेड्यांचे एक थोर पूर्वज होते. वास्तुविशारद लॉरी बेकर जन्माने इंग्रज. हिमालयात पिथौरागढला त्यांनी कित्येक वर्षं काढली, डोंगरातली माणसं घरं कशी बांधतात ते पाहिलं, आणि पुढे तिरुवनंतपुरमजवळ नालांचिऱ्याच्या खडकाळ उतारावर स्वतःचं ‘द हॅम्लेट’ बांधलं. टेकडी सपाट केली नाही. जुन्या घरांतून निघालेली लाकडं वापरली, आणि घर वर्षानुवर्षं थोडं थोडं वाढत गेलं. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही उतारावर घर बांधणारे आपल्याकडे आधी जेसीबीचाच नंबर शोधतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेड्याच्या घराला पश्चिमेला छतापासून जमिनीपर्यंत काच नसते. समुद्र दिसावा म्हणून काच लावायची, तर पाऊसही त्याच दिशेने आडवा येतो आणि मार्चपासून दुपारचं ऊनही. तो तिथे खोल पडवी काढतो आणि कौलांची पाखं इतकी खाली आणतो, की दरी बघायला थोडं वाकावं लागतं. पागोळ्यांच्या आड बसून दरी पाहिलेल्या माणसाला त्या वाकण्याची तक्रार करताना मी पाहिलेलं नाही.

घरात पायऱ्या केल्या तर आजीच्या गुडघ्यांचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. रस्ता वरून येत असेल तर आजीची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि देवघर रस्त्याच्याच पातळीवर ठेवावं. खालच्या पातळ्या पोरांना द्याव्यात. पोरं दिवसातून पन्नासदा पायऱ्या उतरतात आणि थकत नाहीत.

राहिली मातीला धरून ठेवणारी भिंत. शहाणा ती काँक्रीटची, उंच आणि बंद करतो. पाणी मुरायला लागलं की मागे साचतं, आणि पुष्कळदा मातीपेक्षा त्या पाण्याच्या दाबानेच भिंत फुगते. निदान तिच्यात पाणी निघायला भोकं आणि मागे खडीचा थर हवा. वेडा एका उंच भिंतीऐवजी कंबरेइतके दोन-तीन गडगे रचतो, सुक्या दगडांचे, चुना-सिमेंट न घालता. पाणी फटींतून निघून जातं. फटींत नेचे उगवतात. एखाद्या पावसाळ्यात वरचा एखादा दगड सुटून अळवात पडतो. सकाळचा चहा झाला की वेडा खाली उतरतो, तो दगड उचलतो, दोन-तीनदा फिरवून बघतो आणि नीट बसेल तसा पुन्हा ठेवतो.