शॉर्टकट व्हायरस यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. शॉर्टकट व्हायरस,
मु. पो. पेन ड्राइव्ह, मार्गे कॉलेज रोडवरील झेरॉक्सचे दुकान.

विषय : संगणक मंदावल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, आपण मुक्कामाला उतरल्यापासून सदर दुकानातला संगणक सकाळी शटर उघडताना सुरू केला, तर अगरबत्ती विझेपर्यंत पडद्यावरची चित्रं उमटत नाहीत. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख असते, काउंटरपुढे पालकांची रांग असते आणि माउसच्या बाणाशेजारी निळं वर्तुळ गरगरत असतं. दुकानदार सवयीने ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून मोकळा होतो. सर्व्हर नेमका त्या दिवशी कधी नव्हे तो चालू असतो.

आपल्या कामाची पद्धत मात्र दाद देण्यासारखी आहे. एखादी विद्यार्थिनी प्रोजेक्टची प्रिंट काढायला येते. पेन ड्राइव्ह लावला, की ‘प्रोजेक्ट फायनल’, ‘प्रोजेक्ट फायनल २’ आणि ‘प्रोजेक्ट एकदम फायनल’ अशी तिन्ही फोल्डर जागच्या जागी दिसतात. फक्त प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात एक वाकडा बाण उगवलेला असतो. प्रॉपर्टीज उघडून पाहिलं, तर आकार जेमतेम एक-दोन केबी. ड्राइव्ह मात्र निम्मा भरलेला. खरी फोल्डर कुठे गेलेली नसतात. आपण त्यांच्यावर ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ असे दोन शिक्के मारून त्यांना दडवलेलं असतं आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट दाराशी उभे केलेले असतात. त्यावर डबल क्लिक झालं, की आधी आपली छोटीशी स्क्रिप्ट चालते आणि मग खरं फोल्डरही इमानेइतबारे उघडतं. त्यामुळे कुणाला शंका येत नाही. मुलीला प्रिंट मिळते, दुकानदाराला पैसे मिळतात, आपल्याला घर मिळतं. पुढे दिवसभरात त्या संगणकाला जो जो पेन ड्राइव्ह लागेल, तो आपला.

आपलं घराणंही साधंसुधं नाही. पीसीवरचा पहिला विषाणू म्हणून ज्याची नोंद आहे, तो ‘ब्रेन’ १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे ते बंधू. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये हा ब्रेन जाऊन बसे आणि फ्लॉपी वाचण्याचा वेग मंदावत असे. त्यात त्या भावांनी आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. लागण झाली असेल तर आमच्याशी संपर्क साधा, असं वर निमंत्रण! रोग, रुग्ण आणि दवाखान्याचा पत्ता एकाच फ्लॉपीवर. इतका सभ्यपणा घराण्यात पुन्हा दिसला नाही.

मंदावण्याची खरी परंपरा मात्र मॉरिस यांच्याकडून येते. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या तरुणाने २ नोव्हेंबर १९८८ रोजी एक ‘वर्म’ इंटरनेटवर सोडला. मशिनमध्ये शिरण्याआधी हा वर्म ‘आपल्यापैकी कुणी आधीच आत आहे का’ अशी चौकशी करायचा. पण मशिनच्या चालकाने खोटंच ‘आहे’ असं उत्तर दिलं तर काय, म्हणून मॉरिसने एक पळवाट ठेवली : सातांतून एकदा उत्तर काहीही येवो, आत शिरायचंच. गणित तिथे चुकलं. एकेका मशिनवर त्याच वर्मच्या प्रतीवर प्रती चढत गेल्या आणि तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे ६ हजार मशिन गुदमरली. त्यांतली एकही फाइल त्याने पुसली नव्हती. नुकसान झालं ते निव्वळ मंदपणाने. न्यायालयाने मॉरिसला तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड सुनावला. पुढे ते एमआयटीत प्राध्यापक झाले, ही बाब आपल्या घराण्याने दिवाणखान्यात फ्रेम करून लावायला हरकत नाही.

आपल्या पिढीचे दिवस तसे हालाखीचे. एके काळी पेन ड्राइव्ह लावताच ‘ऑटोरन’ची सोय आपलं स्वागत करायची, २००८च्या अखेरीस आलेल्या कॉन्फिकरने तिचा मनसोक्त फायदा घेतला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७मध्ये पेन ड्राइव्हपुरती ही सोय काढून टाकली आणि फेब्रुवारी २०११मध्ये जुन्या एक्सपी, व्हिस्टावरही ती बंद करणारं अपडेट दिलं. दार आपोआप उघडेनासं झालं, तेव्हा आपण माणसाच्या बोटावर भिस्त ठेवलीत. ते बोट अजून कुठल्याही अपडेटने बंद केलेलं नाही.

आता आपल्यावर होणाऱ्या उपचारांविषयी. संगणक मंदावला, की महाराष्ट्रात त्यावर एकच औषध आहे : ‘फॉरमॅट मारून टाक.’ दुरुस्तीवाला येतो, स्क्रू घट्ट न करता ठेवलेला डबा उघडतो, आतली धूळ फुंकतो आणि विचारतो, ‘सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं आहे का?’ मालक ‘नाही’ म्हणतो. तासाभरात नवीन विंडोज पडतं. संध्याकाळी कळतं, की लग्नपत्रिकांचे मराठी फॉन्ट गेले, भाडेकरारांचे मसुदे डेस्कटॉपवर होते तेही गेले, कारण डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे कुणी सांगितलेलं नसतं. वर हे नवं विंडोज बऱ्याचदा चोरीचं असतं आणि ते ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारं क्रॅक चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना त्या क्रॅकसोबतच आलेली असते. सूचना तंतोतंत पाळली जाते. मग जुना डेटा परत घ्यायला तोच पेन ड्राइव्ह, बाणांसकट, पुन्हा लावला जातो. मधली तासाभराची गैरसोय आपण मनावर घेतली नसेल, अशी आशा आहे.

आपल्याला खरोखर घालवायचं असेल, तर फॉरमॅट लागतोच असं नाही, क्रम लागतो. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. लोक आधी पेन ड्राइव्ह साफ करतात. संगणकाच्या मेमरीत आपण जागे असता, त्यामुळे ड्राइव्हवरचे शॉर्टकट पुसून बोट उचलेपर्यंत ते परत हजर होतात आणि ‘हा व्हायरस जातच नाही’ अशी आपली कीर्ती होते. म्हणून आधी इंटरनेट तोडायचं, सगळे पेन ड्राइव्ह काढायचे. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ नावाने आपली स्क्रिप्ट चालू असेल, तर ती थांबवायची. हे डब्ल्यूस्क्रिप्ट बिचारं विंडोजचंच. आपण त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवलेली असते, तेव्हा ते डिलीट करायचं नसतं. मग स्टार्टअपच्या यादीत डोकवायचं, कारण दर वेळी संगणक सुरू होताना आपल्याला उठवण्याची व्यवस्था तिथे केलेली असते. अ‍ॅपडेटासारख्या आडवळणी फोल्डरात पडलेली मूळ फाइल पुसायची.

त्यानंतर विंडोज १० आणि ११मधल्या डिफेंडरचं ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवायचं. ते संगणक रीस्टार्ट करून विंडोज उठण्याआधीच तपासणी उरकतं, म्हणजे आपण झोपेत असतानाच. याला साधारण पंधरा मिनिटं लागतात. दुकानदाराला रांगेपुढे तीही जड वाटतात, हा भाग वेगळा. संगणक असा स्वच्छ झाल्यावर पेन ड्राइव्ह लावायचा, बनावट शॉर्टकट पुसायचे आणि ‘अ‍ॅट्रिब’ या जुन्या डॉसच्या काळातल्या आज्ञेने खऱ्या फोल्डरवरचे दोन्ही शिक्के काढायचे. ‘प्रोजेक्ट एकदम फायनल’ जसंच्या तसं बाहेर येतं. अशा वेळी काउंटरपलीकडच्या मुलीचा चेहरा पाहण्यासारखा असतो, पण ते सुख आपल्या नशिबी नाही.

येथवर तक्रार झाली. आता एका अन्यायाची नोंद घ्यावी लागेल, आणि तो आपल्यावर झालेला आहे. आपण गेल्यानंतरही संगणक मंदच राहतो आणि लोक आपल्यालाच शिव्या घालतात. टास्क मॅनेजर मात्र वेगळंच सांगतो : ‘डिस्क’च्या रकान्यात लालबुंद १०० टक्के. आत मिनिटाला ५,४०० फेरे मारणारी फिरती हार्ड डिस्क असते, रॅम चार जीबी, सी ड्राइव्हची पट्टी शेवटपर्यंत लाल. ब्राउझरमध्ये बावीस टॅब. कुठल्याशा साइटने ‘नोटिफिकेशन दाखवू का’ विचारलं तेव्हा दिलेली परवानगी, जिच्या जोरावर कोपऱ्यातून ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले’ अशा खोट्या जाहिराती उसळत राहतात. आणि या सगळ्यावर भीतीपोटी बसवलेले दोन-दोन अँटिव्हायरस. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना तपासतात, एकमेकांच्या पायात पाय घालतात. त्यातला एक काढला आणि फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर तेच यंत्र ओळखू येत नाही. एवढं साधं काम वर्षानुवर्षं होत नाही, कारण ‘व्हायरस आलाय’ म्हटलं की खर्चाचा विषय संपतो.

शिवाय, स्पष्ट बोलण्याबद्दल क्षमस्व, पण यंत्र मंद करणं हे आता आपल्या व्यवसायात अडाणीपणाचं लक्षण मानलं जातं. यजमानाला जागच येऊ नये, ही नवी रीत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्या मालवेअरच्या आधारे ऑगस्ट २०१८मध्ये ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. त्यांतला मोठा भाग निरनिराळ्या देशांतल्या एटीएममधून काढला गेला. तिथे कुणाच्या माउसशेजारी निळं वर्तुळ फिरलं म्हणून चोरी उघडकीस आली, असं झालं नाही. मंदपणाची जुनी शान टिकवली ती दुसऱ्याच्या संगणकावर गुपचूप आभासी चलन खणणाऱ्यांनी. वेबसाइटच्या पानात लपून मोनेरो खणणारी कॉइनहाइव्हची स्क्रिप्ट २०१७मध्ये आली. पान उघडताच पंखा घरघरायला लागे. मार्च २०१९मध्ये तिनेही दुकान गुंडाळलं.

आपल्या थोर नातलगांच्या पराक्रमानंतरची दुरुस्ती कशी असते, हे २०१७ साली जगाने पाहिलं. २७ जूनला नॉटपेट्या सुटला. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला त्याने गाठलं. तिच्या समूहाकडे असलेलं जेएनपीटीतलं टर्मिनलही त्यात सापडलं आणि उरणच्या बाजूला कंटेनरचे ट्रक खोळंबले. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं, त्यानुसार ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. यातही गंमत अशी, की कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद सांभाळणारे त्यांचे सर्व्हर जगभर एकमेकांच्या प्रती ठेवत होते आणि म्हणून सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो एक, घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! ती हार्ड डिस्क ब्रिटनला न्यायची, तर घानाच्या कर्मचाऱ्याकडे व्हिसा नव्हता. त्याने नायजेरियात जाऊन ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली. महावितरणच्या ग्राहकांनी या प्रसंगाची नोंद घ्यावी. भारनियमनाच्या बाजूने एवढा सबळ पुरावा पुन्हा मिळणार नाही.

आपल्यामुळे कुणाचं भलं झालंच नाही, असंही म्हणता येणार नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर पुढे संगणक दुरुस्तीकडे वळले, तेव्हा त्यांच्याकडे येणारी यंत्रं आपल्या पूर्वजांनी ग्रासलेली असायची. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी इलाज लिहिला, आणि त्यातून उभी राहिलेली क्विक हील २०१६मध्ये शेअर बाजारात दाखल झाली. केंद्र सरकारने २०१७मध्ये खास आपल्या समाजासाठी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं. सीडॅकने बनवलेलं, पेन ड्राइव्हवर पहारा देणारं ‘यूएसबी प्रतिरोध’ तिथे मोफत मिळतं. मोफत असूनही ते किती झेरॉक्सच्या दुकानांत आहे, हे आपणच फिरस्ते असल्यामुळे अधिक अचूक सांगू शकाल.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ अन्वये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात विषाणू घालणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते. हेतू लबाडीचा असेल, तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपण यावर ‘डबल क्लिक मालकानेच केलं होतं’ असा बचाव घ्याल, हे गृहीत धरलेलं आहे.

तरी सदर संगणक विनाविलंब रिकामा करून द्यावा, ही विनंती. दुकानदाराने नवी एसएसडी मागवली आहे. चालू काम, फॉन्ट आणि गिऱ्हाइकांचे मसुदे एका वेगळ्या डिस्कवर घेतले जातील आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवली जाईल. लावून ठेवलेल्या बॅकअपपर्यंत आपल्या बिरादरीतले खंडणीखोर सहज पोचतात, हे आता दुकानातही ठाऊक झालं आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
रांगेत चौथ्या क्रमांकावर उभा असलेला पालक

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी : कोपऱ्यावरचे डीटीपी सेंटर. (आपण तेथे कालच रुजू झाल्याचे समजते.)