जंतूचं गाव कोणतं?

पंख्याचं पेटंट हवं असेल तर आकृती काढा, चार पानं वर्णन लिहा, भागतं. जंतूचं तसं नाही. शब्दांनी कितीही रंगवला तरी वाचणाऱ्याला नेमका तोच जंतू मिळेल याची खात्री नाही. म्हणून कायदा म्हणतो, वर्णन राहू द्या, ऐवज जमा करा. 1977च्या बुडापेस्ट करारानं त्याची सोय लावली. मान्यताप्राप्त संग्रहांपैकी कुठल्याही एकात नमुना ठेवायचा, सगळे सदस्य देश तो ग्राह्य धरतात. भारत 2001मध्ये या करारात आला. चंदीगडच्या संग्रहानंतर 2011मध्ये पुण्याच्या संग्रहालाही ही मान्यता मिळाली. अर्जाच्या तारखेपर्यंत नमुना जमा हवा आणि मुक्काम किमान 30 वर्षांचा. पुण्यात इतक्या मुदतीची जागा हवी असेल तर माणसापेक्षा जंतू झालेलं बरं.

आपल्या पेटंट कायद्याचं कलम 10(4) पुढे विचारतं, हे जैविक साहित्य आणलंत कुठून? स्रोत सांगा, भौगोलिक मूळही सांगा. लपवलं किंवा खोटं सांगितलं तर पेटंट रद्द होऊ शकतं. इथवर कारभार चोख.

पण हल्ली माती पिशवीत भरून नेतो कोण? जंतूचा जनुकीय क्रम एकदा संगणकावर चढला की माती जागच्या जागी राहते आणि तिच्यातला माल जगभर उतरवून घेता येतो. पेटंट अर्जातल्या अशा क्रमांसाठी 1 जुलै 2022पासून एसटी.26 नावाचं जागतिक मानक आहे. डीएनएची ओळखलेली दहा अक्षरं असली तरी यादीत घाला, फाइल एक्सएमएलमध्येच द्या, आरएनएमधलं युरॅसिलसुद्धा ‘टी’ अक्षरानंच लिहा. जीवाचं नाव सक्तीचं, रेणूचा प्रकार सक्तीचा. गाव मात्र सक्तीच्या रकान्यांत नाही. नावात एसटी आहे खरी, पण ही गाडी गावात थांबत नाही.

मे 2024मध्ये जिनिव्हात नवा करार झाला. पेटंट मागताना जनुकीय संसाधनाचा मूळ देश सांगा, असं त्यात ठरलं. सोबत हेही ठरलं की फसवणुकीचा हेतू नसेल तर केवळ न सांगितल्याबद्दल पेटंट रद्द करायचं नाही. त्याच वर्षी कोलंबियातल्या काली शहरात जनुकीय माहितीच्या वापराच्या मोबदल्यासाठी निधी ठरला. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा 1 टक्का किंवा महसुलाचा 0.1 टक्का द्यावा, अशी अपेक्षा आहे. द्यायचं की नाही, हे कंपनीच ठरवणार. देणेकऱ्यालाच वसुली अधिकारी नेमल्यावर तिजोरी किती भरणार?

आपला जैवविविधता कायदा जंतूबरोबर त्याच्यावरच्या माहितीलाही हात घालतो, हे खरं. पण उद्या परदेशातल्या कुणी लोणारच्या खाऱ्या तळ्यातल्या जंतूचा क्रम वापरून साबणाचं विकर बनवलं, तर त्या अक्षरांवरून बुलढाणा जिल्हा ओळखणार कोण? चेन्नईतल्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाला तर आधी अशा पेटंट अर्जाचा पत्ता लागायला हवा.

उपाय फार मोठा नाही. एसटी.26च्या फाइलमध्ये आणखी एक सक्तीचा रकाना टाका, ‘मूळ ठिकाण’. तो रिकामा असला की संगणकानंच फाइल नाकारावी. दहा अक्षरांचा हिशेब मागणाऱ्यांना एका गावाचं नाव मागणं जड जाऊ नये. जड जात असेल, तर अडचण तंत्रज्ञानाची नाही. नाव कळलं की त्या गावाचा वाटाही द्यावा लागतो, ही आहे.