रेंजकाका

डोंबिवली असो की कोथरूड, दर सोसायटीत एक रेंजकाका असतात. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले असतील तर मग बघायलाच नको. सत्यनारायणाला आले की तीर्थाआधी वायफायचा पासवर्ड मागतात. मग एका हातात प्रसादाचा द्रोण, दुसऱ्या हातात मोबाइल आणि चाल पाणाड्याची.

"हॉल उणे ४२. झकास! देवघर उणे ६५, चालेल. बेडरूम उणे ८२? अहो, तुम्ही इथे झोपता कसे?"

यजमान म्हणतात, "पण ८२ म्हणजे ४२ पेक्षा जास्तच की." झालं. काका द्रोण खाली ठेवतात. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. दर दहाला सिग्नलची ताकद दहापट घटते. म्हणजे हॉलमधून बेडरूमपर्यंत पोचताना दहा हजारपट! "आणि मधे ते लोखंडी कपाट उभं केलंयत. पत्रा लहरी परतवतो. भिंत निदान थोड्या सोडते तरी." कपाट सुनेच्या माहेरचं असतं, त्यामुळे पुढचं संभाषण यजमानीणबाई भराभर आरतीकडे वळवतात.

नव्या राउटरच्या खोक्यावरचा आकडा हा काकांचा खास आवडीचा विषय. "१२०० लिहिलंय ना? ३०० आणि ८६७ यांची बेरीज करा. ११६७. वरचे ३३ आहेरात! बरं, हे दोन वेगळे पट्टे. तुमचा मोबाइल एका वेळी एकच धरणार. ८६७ सुद्धा डब्याला खेटून बसलात तर, आणि त्यातलं हाती येणार निम्मं किंवा थोडं वर, कारण हवेत एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीच्यांनी गप्प राहायचं." ही शिस्त काकांना स्वतःला लागू नसते. शेवटी ते डबा उलटा करून मागची भोकं दाखवतात. स्वस्त राउटरला तारेची भोकंच १०० ची असतात, मग ३०० चा प्लॅन घेऊन करणार काय? यातलं एकही वाक्य चूक नसतं, हाच खरा त्रास आहे.

वार्षिक सभेत तर काकांनी ठरावच मांडला. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. तेव्हा पहिल्या मजल्यानं १ घ्यावा, दुसऱ्यानं ६, तिसऱ्यानं ११, आणि चौथ्यापासून पुन्हा तोच क्रम. कल्पना खरोखर चांगली होती. पण पहिल्या मजल्यावरचे उसळले, "मेंटेनन्स सारखाच भरतो, मग तिसऱ्याला अकरा आणि आम्हाला एकच?" सगळ्या चॅनेलचा वेग सारखाच, हे काका घसा कोरडा होईतो सांगत होते. ठराव टाकीच्या गळतीनंतर घ्यायचा ठरलं. टाकी अजून गळते.

काकांच्या स्वतःच्या घरी राउटर टीव्हीमागे, खालच्या कप्प्यात असतो. तो उंचावर, घराच्या मध्यभागी, उघड्यावर ठेवावा हे त्यांनी अख्ख्या इमारतीला पटवलंय. पण "भिंतीवर वायरी लोंबकळलेल्या मला चालणार नाहीत" हे काकूंचं एकच वाक्य. त्यामुळे स्वयंपाकघरात रेंज जेमतेम. त्यात काकूंनी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की मुलीचा व्हिडिओ कॉल अडकतो. काका उठून सांगतात, मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, थोडी गळती होतेच, ती वायफायवर चढते. फोन ५ वर टाक.

"टाकला होता. तो स्वयंपाकघरापर्यंत येतच नाही."

"नाहीच येणार. वारंवारता जास्त म्हणून पल्ला कमी. भिंतीला तो लवकर हरतो."

"मग दूध ५ वर तापवता येईल का?"

काका तेव्हापासून दूध गॅसवर तापवतात. तेही स्वतः.