चेंबर

आमच्या घरात 'चेंबर' हा शब्द दोन अर्थांनी नांदत होता आणि त्या दोन अर्थांचं आपसात काहीच वाकडं नव्हतं. एक चेंबर वाड्याच्या मागच्या बाजूला, न्हाणीच्या भिंतीला लागून होतं. श्रावणात ते हमखास तुंबायचं, मग बांबूच्या कामट्या घेऊन माणूस यायचा आणि सगळा वाडा नाकाला पदर लावून भोवती उभा राहायचा. दुसरं चेंबर टिळक रस्त्यावर होतं. बोहरी आळीच्या तोंडाशी बाबांचं खिळे-बिजागऱ्यांचं चिंचोळं दुकान होतं. महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी ते लवकर फळ्या लावत, घरी येऊन इस्त्रीचा सदरा चढवत आणि सायकल काढत. आई विचारी, "कुठे निघालात?" बाबा म्हणत, "चेंबरमध्ये." मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. एवढा मोठा माणूस त्या चौकोनी भोकात मावतो कसा आणि वर येताना सदरा पांढरा राखतो कसा, हे कोडं मी कुणालाही न विचारता बरेच महिने सांभाळलं. एकदा ते परतल्यावर हळूच जवळ जाऊन मी त्यांचा वास घेऊन पाहिला. चहाचा आणि हिना अत्तराचा वास होता. म्हणजे आत व्यवस्था चांगली असणार, असं मी ठरवून टाकलं.

पुढे कळलं की ते मराठा चेंबर, आ. रा. भटांनी 1934 साली उभं केलेलं. तिथे नेमकं काय चालतं हे मात्र फार उशिरा उमगलं. एकट्या दुकानदाराचं गाऱ्हाणं म्हणजे नुसती कुरकुर. ती घरी बायको ऐकते आणि दुकानात गिऱ्हाईक ऐकतं. तीच कुरकुर पन्नास दुकानदारांनी एका कागदावर केली की तिला निवेदन म्हणतात आणि मग ती मंत्रालयातही वाचावी लागते. खेरीज चेंबर दाखले देतं. परदेशी जाणाऱ्या मालाबरोबर 'हा माल इथलाच' असं लिहून शिक्का मारून देणं, हे जगभरातल्या चेंबरांचं जुनं काम. बाबांचा माल परदेशी सोडाच, हडपसरच्या पलीकडेही फारसा गेला नाही. त्यांचं सगळं वैर जकातीशी होतं. दर दिवाळीनंतर एखाद्या रविवारी ते 'सविनय' या शब्दापासून मसुदा सुरू करत आणि चौथ्या ओळीत विनय संपे. पुण्यातली जकात 2013 साली गेली. बाबा तिच्या नऊ वर्षं आधी गेले. तिच्या जागी लगेच एलबीटी आली हे त्यांना कळलं नाही, ते बरंच झालं. नाहीतर स्वर्गातून मसुदा आला असता.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे बेळ्ळंदूर. मुलाचं घर तिथे आठव्या मजल्यावर आहे. घर घेताना 'तलावाचं दर्शन' म्हणून चार पैसे जास्त मोजले होते, मग कित्येक वर्षं त्याच बाजूच्या खिडक्या बंद ठेवल्या. बंगळूरमधला हा सगळ्यात मोठा तलाव. शहराच्या मोठ्या भागाचं सांडपाणी त्यात उतरायचं, साबणाचा फेस रस्त्यावर येऊन दुचाकीस्वारांच्या अंगावर बसायचा, आणि 2017 च्या फेब्रुवारीत तर तलावाने पेट घेतला. पाणी पेटलेलं पाहिल्यावर माणूस बाकीच्या गोष्टींबद्दल जरा सहनशील होतो. तलावाच्या पलीकडे बाह्य वर्तुळ रस्ता. सिल्क बोर्डापासून कृष्णराजपुरमपर्यंत साधारण सतरा किलोमीटर, दोन्ही अंगांना काचेच्या इमारती. त्या इमारतींतल्या कंपन्यांचा एक संघ आहे, आउटर रिंग रोड कंपनीज असोसिएशन. नावात चेंबर नाही, पण मी त्याला मनातल्या मनात चेंबरच म्हणतो. हडपसरपलीकडे न गेलेल्या बाबांना वाटलं नसतं, की अमेरिकेचे हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांचंही गाऱ्हाणं शेवटी घरासमोरच्या रस्त्याचंच असतं. आणि 'इथलाच' असा दाखला द्यायची वेळ आली तर या इमारतींतून कुणाच्या नावावर शिक्का मारायचा, हा प्रश्न वेगळाच.

30 ऑगस्ट 2022 ला पावसाने तो रस्ता बंद पाडला. माणसं पाच-पाच तास अडकली. संघाने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि त्यात त्या एका दिवसाचं नुकसान मांडलं, 225 कोटी रुपये. मला ते पत्र फार आवडलं. बाबांच्या मसुद्यात नेमकी हीच उणीव असायची. संताप भरपूर, आकडा नाही. पण त्या दिवशी मीही त्या रस्त्यावर होतो, रिक्षात, मांडीवर भरल्या वांग्यांसाठी घेतलेली अर्धा किलो वांगी घेऊन. त्या 225 कोटींत माझा वाटा किती, हे मी रात्री कागदावर काढून पाहिलं. शून्य. निवृत्त माणसाचे पाच तास कुठल्याच वहीत खर्ची पडत नाहीत. वांगी मऊ पडली होती, ती बायकोने धरली.

या शहरातलं खरं चेंबर, म्हैसूर संस्थानातलं, 1916 चं. ते निघालं दिवाण विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने. हा माणूस पुण्यात शिकलेला, मुंबई इलाख्यात नोकरी केलेला, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारा. मुसीच्या महापुरानंतर हैदराबादचा पूरबंदोबस्त आणि गटारयोजनाही त्यांनीच आखली. म्हणजे दोन्ही चेंबरांची जाण एकाच फेट्याखाली होती. मला यात योगायोग दिसत नाही. दहा घरांचं जे काही असेल ते एका जागी गोळा करायचं आणि पुढे वाट करून द्यायची, दोन्हीकडे काम हेच. पुढची वाट बुजली की दोन्ही तुंबतात, आणि मग लोक झाकणाला दोष देतात.

दुसरे आपले वालचंद हिराचंद. सोलापूरचा हा गृहस्थ 1927 साली महाराष्ट्र चेंबर काढतो आणि 1940 साली बंगळूरला येऊन विमानांचा कारखाना. आजचं एचएएल ते हेच. दुसऱ्या महायुद्धात कॅटॅलिना जातीची पाण्यावर उतरणारी विमानं दुरुस्तीला इथे येत, आणि ती उतरत बेळ्ळंदूरच्या तलावात. मी खिडकीची फट उघडून कधीकधी ते दृश्य डोळ्यांपुढे आणू पाहतो. बदकासारखं विमान, काठावर गुरं धुणारी पोरं, आणि फेस म्हणाल तर फक्त विमानाच्या पोटाखाली उठलेला.

मराठी मुलखातल्या या दोन्ही चेंबरांच्या आजच्या नावांत एक गंमत आहे. कॉमर्स झालं, इंडस्ट्री झाली, आणि शेपटाला ॲग्रिकल्चर. सुटाबुटाच्या पंगतीत शेवटच्या पाटावर शेती धोतर सावरून बसल्यासारखी. हा पाट मांडलाच कशाला, असं मला पूर्वी वाटे. त्या पत्रानंतर आठवड्याभरातच पाऊस पुन्हा कोसळला, बेळ्ळंदूरच्या टेक पार्कांत कमरेएवढं पाणी शिरलं, महागड्या मोटारी शिंपल्यांसारख्या नुसत्या पाठी दाखवत राहिल्या, आणि अभियंत्यांना कचेरीत पोचवायला ट्रॅक्टर आले. मी खाली उतरून पाहिलं. ट्रॉलीत वीस-बावीस जण, गळ्यात ओळखपत्रं, लॅपटॉपच्या पिशव्या तान्ह्या मुलांसारख्या छातीशी धरलेल्या. एक मुलगी चपला हातात घेऊन हसत होती. माझा मुलगा मागच्या फळीवर उभा होता, बोहरी आळीतून लोखंड भरलेल्या हातगाडीवर बाबा उभे राहत तसाच, एक पाय जरा वाकवून.

ट्रॅक्टरवाला विडी विझवत होता. मी माझ्या हिंदीत त्याला विचारलं, शेती कुठे आहे? तो म्हणाला, शेती नाही, एरवी हा ट्रॅक्टर सोसायट्यांना पाण्याचा टँकर ओढतो. आज माणशी पन्नास रुपये. टँकरचा भाव विचारला तर म्हणाला, तो मार्चमध्ये ठरतो.